पडद्याशेजारची खुर्ची

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. कोरोनाच्या दिवसांत शाळाच मोबाइलवर आली होती. पुढे शाळेची दारं उघडली तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, त्यातून हा ठराव निघाला. नुसता भोंगा लावून भागणार नाही हे गावाला ठाऊक होतं, म्हणून सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

या ठरावातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो एकट्या मुलांसाठी नव्हता. त्या दीड तासात आईची मालिका बंद आणि वडिलांचा फोनही बाजूला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने वेगळा रस्ता धरला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्ही गावांमागची काळजी एकच आहे, आणि ती खरी आहे. तरी मला वडगावचा रस्ता जवळचा वाटतो, कारण त्यात मोठ्यांनी नियम स्वतःलाही लावून घेतला.

किती वेळ आणि कोणाच्या हातात, या प्रश्नांना आता बरीच उत्तरं मिळाली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं चांगलं, आणि त्याहून लहान बाळांना नकोच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण असाच आहे. पण घड्याळाने फक्त वेळ मोजता येतो. त्या वेळात मूल काय करतं, कोणाशी बोलतं, काय शिकतं आणि काही विपरीत घडलं तर कोणाकडे धावतं, हे घड्याळ सांगत नाही. साडेआठला पडदा पुन्हा उजळतो. या पुस्तकाचा विषय तिथून पुढचा आहे.

पालकसभांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आम्हाला यातलं काही कळत नाही, पोरांनाच जास्त कळतं.’ त्यात लेकराचं कौतुक असतं आणि हात टेकल्याचा सूरही असतो. पोरांना जास्त कळतं हे पुष्कळदा खरं आहे. पण म्हणून आपल्याला करण्यासारखं काही उरत नाही, हे मला मान्य नाही, आणि हे पुस्तक मी लिहिलं त्याचं मुख्य कारण हेच आहे.

१९९९ साली सुगत मित्र यांनी दिल्लीतल्या कालकाजी भागात, ते काम करत होते त्या कार्यालयाच्या भिंतीत एक खिडकीएवढं भगदाड पाडून त्यात पलीकडच्या वस्तीकडे तोंड करून संगणक बसवला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. वस्तीतली मुलं जमली आणि एकमेकांना विचारत, ढकलत, दाखवत तो चालवायला शिकली. पुढे असे संगणक देशात अनेक ठिकाणी बसले, आपल्या सिंधुदुर्गातल्या शिरगावातही. मुलं आपली आपण शिकतात, मोठ्यांची गरज नाही, असा अर्थ तेव्हा अनेकांनी यातून काढला. मित्र यांनी त्यानंतर जे केलं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. तमिळनाडूतल्या कलिकुप्पम या गावी त्यांनी मुलांपुढे जैवतंत्रज्ञानासारखा अवघड विषय ठेवला, तोही इंग्रजीतून. मुलं आपसांत धडपडून काही अंतर गेली आणि चाचणीत तीस टक्क्यांच्या आसपास थांबली. मग मित्र यांनी एका तरुणीला त्यांच्यासोबत राहायला सांगितलं. तिला त्या विषयातलं काही येत नव्हतं. तिने आजीसारखं मुलांच्या मागे उभं राहायचं, हे काय केलंस ते मला दाखव म्हणायचं, पुढे काय होईल असं विचारायचं आणि मनापासून कौतुक करायचं. मुलं पन्नास टक्क्यांपर्यंत पोचली. मित्र यांनी या रीतीला आजीचीच पद्धत म्हटलं, आणि नंतर ब्रिटनमधले स्वयंसेवक, त्यांत कितीतरी निवृत्त शिक्षक, इंटरनेटवरून भारतातल्या मुलांशी असंच बोलू लागले.

मित्र यांच्या निष्कर्षांवर टीकाही झाली आहे. शाळा आणि शिक्षक यांच्यावाचून भागेल असा जो सूर त्यातून निघाला तो मलाही पटत नाही. पण त्या तरुणीचं काम मला कुठल्याही पालकाला जमण्यासारखं वाटतं. त्याला संगणक येण्याची गरज नाही. शेजारी बसायला वेळ हवा आणि विचारायची तयारी हवी.

भिंतीतल्या त्या संगणकाकडे आणखी एका अंगाने पाहायला हवं. तो रस्त्याकडे तोंड करून होता. पडद्यावर काय चाललंय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं, आणि एकेका पडद्यापुढे चार-सहा मुलं दाटीवाटीने उभी असत. त्या उघडेपणातच त्यांची राखण होती. आज मुलाच्या हाती आलेला फोन नेमका याच्या उलट आहे. पडदा तळहाताएवढा, कानात हेडफोन, अंगावर पांघरूण. कोणी काही लपवतंय असं नसतं, यंत्राचा घाटच एकट्याचा आहे. म्हणून या पुस्तकातली पहिली सूचना अगदी साधी आहे : लहान मुलांचा पडदा घरातल्या सगळ्यांचा वावर असलेल्या खोलीत असावा, शक्यतो मोठा असावा, आणि त्याच्यापाशी दुसरी खुर्ची असावी.

‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करतो. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलामुलींना फोनबद्दल विचारलं गेलं. ८० टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केल्याचं ५७ टक्क्यांनी सांगितलं, तर समाजमाध्यमं पाहिल्याचं ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याचं खातं अडवावं कसं किंवा त्याची तक्रार करावी कशी हे ६२ टक्क्यांना माहीत होतं. आपलं खातं फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवणं ५५ टक्क्यांना जमत होतं. म्हणजे दहांतल्या जवळपास चार मुलांना त्रास देणाऱ्याला दूर सारण्याचं बटण ठाऊक नाही. हे बटण दाखवायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं घरात कोणी तरी द्यायला हवीत.

आता शिकण्याबद्दल. फोन सराईतपणे चालवणाऱ्या मुलाला संगणक येतो असं आपण गृहीत धरतो. संगणक कक्षात बसवल्यावर वेगळंच दिसतं. अंगठ्याने सरसर रील सरकवणारी आठवीतली मुलगी फाइल कुठे साठवली हे शोधू शकत नाही, फोल्डर म्हणजे काय हे सांगू शकत नाही, दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकत राहते. यात तिचा दोष नाही. तिच्या हातातलं यंत्र पाहण्यासाठी घडवलेलं आहे, आणि करण्याची संधी तिला कोणी दिलेलीच नाही.

सेमूर पेपर्ट हे गणितज्ञ जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम करून अमेरिकेत आले आणि १९६७ साली त्यांनी वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन या सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पडद्यावर एक कासव. त्याला इतकी पावलं पुढे जा, इतकं वळ असं सांगायचं, आणि त्याच्या मागे रेघ उमटत जायची. चौकोन काढायला सांगितला आणि कासव भलतीकडेच गेलं, तर मूल स्वतः उठून खोलीत चालून पाहतं, कुठे वळायला चुकलो ते शोधतं आणि सूचना दुरुस्त करतं. १९८० साली आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पेपर्ट यांचा आग्रह असा आहे की यंत्राने मुलाला वळण लावावं त्यापेक्षा मुलाने यंत्राला कामाला लावावं. याच विचारातून मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘स्क्रॅच’ खुलं केलं. त्यात रंगीत ठोकळे जोडून गोष्ट, खेळ, गाणं बांधता येतं, आणि ते फुकट आहे. महागड्या शिकवणीचे पैसे भरण्याआधी घरच्यांनी महिनाभर मुलाबरोबर स्क्रॅच उघडून बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला ओढ आहे की नाही, ते तेवढ्यात कळतं.

पण त्याच्याही आधी टायपिंग, आणि तेही मराठीतून. याबद्दल मी पुस्तकात इतरांपेक्षा जास्त पानं दिली आहेत. भारत सरकारने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाची कळपाटाची मांडणी ठरवली. आज ती जवळजवळ प्रत्येक संगणकात आणि फोनमध्ये आधीपासून असते, फक्त चालू करावी लागते. तिची रचना पाहिली की आपल्या वर्णमालेचा अभिमान वाटतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क जिथे, तिथेच शिफ्ट दाबून ख. ग तिथे घ, त तिथे थ, प तिथे फ, ब तिथे भ. जोडाक्षर हवं असेल तर अक्षर, मग हलन्त, मग पुढचं अक्षर, म्हणजे शाळेत पाय मोडून शिकलो तसंच. बाराखडी पक्की झालेल्या मुलाला ही मांडणी थोड्या सरावाने बोटांत बसते, आणि शिवाय ती हिंदीला, संस्कृतला, कोकणीला तशीच चालते. इंग्रजी अक्षरं वापरून मराठी लिहिण्याची सोय झटपट आहे, मीही ती वापरतो. पण ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांच्यासाठी यंत्राच्या अंदाजावर विसंबून राहणारं मूल हळूहळू शुद्धलेखनही यंत्रावरच सोपवतं. मुलाने आजीचं एखादं पत्र किंवा पाककृती मराठीत टाइप करून छापून तिच्या हातात द्यावी. टायपिंगचा इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

घरात लिहिण्यासारखं आणि मोजण्यासारखं पुष्कळ असतं. दुधाचा महिन्याचा हिशेब, विजेच्या बिलाची वर्षभराची युनिटं, कारखान्याला गेलेल्या उसाच्या खेपा, क्रिकेटच्या धावा. हे तक्त्यात भरून बेरीज आणि सरासरीचं सूत्र घातलं, एका कळीने आलेख काढला, की सातवीतल्या मुलाला गणिताच्या पुस्तकातली सरासरी पहिल्यांदा आपल्या घरात दिसते. मे महिन्यात विजेचं बिल का चढलं हे तो स्वतः सांगू लागतो. यासाठी नवा संगणक लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. जुना, दुरुस्त केलेला डेस्कटॉप पुरतो. तोही परवडत नसेल तर साधा यूएसबी कळपाट ओटीजी जोडणीने अँड्रॉइड फोनला लावता येतो. अनेक घरांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि ठाऊक झाल्यावर फार उपयोगी पडते.

इंटरनेट असेल तर मराठी मुलासाठी तिथे काय चांगलं आहे, त्याची यादी पुस्तकात आहे. इथे थोडीच नावं सांगतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. मराठी विश्वकोश जालावर वाचता येतो. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञानाची खेळणी आणि जमवलेली पुस्तकं, त्यांत मराठीही पुष्कळ, सगळ्यांसाठी खुली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामामुळे. ते कोड आज आपल्या मुलांच्या दप्तरातल्या पुस्तकांवर छापलेले असतात, आणि कितीतरी घरांत ते एकदाही उघडून पाहिलेले नसतात.

महाराष्ट्रातल्या पालकांपाशी एक भांडवल आहे, त्याकडे त्यांचं स्वतःचंच लक्ष नसतं. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोचले. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं म्हणून असेना, लाखो तरुण माणसं कळपाटापुढे बसली. ती आज दहा-पंधरा वर्षांच्या मुलांची आईबाप आहेत. कपाटातल्या फाइलमध्ये ते प्रमाणपत्र अजून असतं. त्या वर्गात शिकलेलं फोल्डर, तक्ता, पत्राचा मसुदा हेच मुलाला आज हवं आहे, त्यामुळे ‘आम्हाला काही कळत नाही’ हे पूर्ण खरं नसतं.

सुरक्षिततेकडे वळताना वर लिहिलेलं सगळं सोबत घेऊनच वळावं लागतं, कारण शिकणं आणि सांभाळणं हे दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही. ज्या घरात मूल पडद्यावर केलेली गोष्ट रोज कोणाला तरी दाखवतं, त्या घरात नको ते घडल्यावर दाखवण्याची वाटही आधीच तयार असते. आणि इथे मला या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मुलावर ऑनलाइन संकट येतं तेव्हा पहिलं नुकसान गप्प राहण्याने होतं. मूल गप्प राहतं ते बहुतेक वेळा एका साध्या हिशेबाने : सांगितलं तर फोन जाईल, मार मिळेल, शाळेत कळेल. हा हिशेब समोरच्या गुन्हेगारालाही पक्का ठाऊक असतो, आणि त्याचा सगळा धंदा त्यावर चालतो.

तो धंदा कसा चालतो ते पालकांनी नीट समजून घ्यावं. खेळातल्या गप्पांच्या खिडकीत किंवा इन्स्टाग्रामवर कोणी समवयस्क म्हणून ओळख काढतं. कौतुक करतं, ऐकून घेतं, मग खाजगी बोलण्यासाठी दुसऱ्या ॲपवर बोलावतं. आईवडिलांना सांगू नकोस, ही अट हळूच घालतं. पुढे एखादा फोटो मागतं. फोटो मिळाला की सूर एका रात्रीत बदलतो : पैसे दे, नाहीतर आणखी फोटो दे, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. आता तर मुलाने काहीच पाठवलेलं नसलं तरी साध्या चेहऱ्यावरून खोटा नग्न फोटो बनवून धमकावता येतं. अशा वेळी पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं आयुष्य संपलं असं वाटतं. त्या घडीला घरातल्या एका माणसाने ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक त्या माणसाची आहे, आपण मिळून निस्तरू’ एवढं म्हटलं, तर धमकीतली अर्धी ताकद निघून जाते. म्हणून संकट नसतानाच, एखाद्या साध्या दिवशी, घरात वचन द्यावं : काहीही घडलं तरी सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. आणि ते पाळावं. पहिल्याच प्रसंगी मोडलं, तर दुसऱ्या प्रसंगाची बातमी आपल्याला शेवटी कळते.

पुढची कामंही माहीत असावीत. पैसे देऊ नयेत, दिल्याने मागणी थांबत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तास-दोन तासांत तक्रार झाली तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता बरीच असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. तिथे मूल स्वतः फोन करू शकतं, आणि हे मुलालाच सांगून ठेवायला हवं. एका अमेरिकी संस्थेची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखाली काढलेल्या फोटोचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो. फोटो कुठेही जात नाही, फक्त ठसा जातो, आणि सहभागी असलेली समाजमाध्यमं तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात.

एक चूक मात्र प्रेमापोटी, घाबरून होते, आणि ती मुलाला फार महागात पडते. पुरावा म्हणून तो फोटो मामाला, काकांना, ओळखीच्या वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी नुसार अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. फोटो पाठवू नये, त्याच्या प्रती काढू नयेत. खात्याचं नाव, क्रमांक, वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि फोन आहे तसा पोलिसांकडे घेऊन जावा. पोलिसांचं नाव काढलं की घरं कचरतात, म्हणून हेही सांगतो : २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नसताना. मुलाची ओळख उघड करता येत नाही. हे माहीत असलेला पालक पोलीस ठाण्यात ताठ मानेने बोलू शकतो.

मुलींबद्दल वेगळं लिहावंच लागतं. मुलाच्या बाबतीत काही घडलं तर त्याचा फोन चार दिवस कपाटात जातो. मुलीच्या बाबतीत घडलं तर क्लास बंद होतो, कॉलेजची चर्चा थांबते, स्थळं पाहायला सुरुवात होते. हे तिला आधीच माहीत असतं. ‘असर’च्याच पाहणीत स्वतःचा फोन असणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मुलग्यांपेक्षा कमी दिसतं. म्हणजे ज्यांना सराव कमी, त्यांनाच चुकीची शिक्षा जास्त. वडील आणि भाऊ हे पुस्तक वाचत असतील, तर त्यांनी या भागावर थोडं थांबावं.

वयाबद्दल एक गोष्ट घराघरांत डोळ्याआड होते. इन्स्टाग्राम, फेसबुक यांसारख्या सेवांसाठी किमान वय तेरा आहे. मूल दहा वर्षांचं असतं, हट्ट करतं, आणि घरातलंच कोणी तरी जन्मसाल मागे ढकलून खातं उघडून देतं. त्याने होतं असं की कंपनीच्या लेखी ते मूल थेट वीस-बावीस वर्षांचं ठरतं. किशोरवयीनांसाठी जी कवाडं आपोआप बंद असतात, अनोळखी माणसाला निरोप पाठवता न येणं, खातं मुळातच खाजगी असणं, ती सगळी त्याच्यासाठी सताड उघडी राहतात. खोट्या जन्मसालाने उघडलेलं खातं असेल तर ते बंद करून, वय झाल्यावर खऱ्या सालाने नवं उघडावं, असं माझं ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना अशी खाती ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घेणं बंधनकारक केलं आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवण्याला मनाई केली आहे. नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायदा पालकाला संमतीचा अधिकार देतो तेव्हा वाचून संमती देण्याचं कामही त्याच्याकडे येतं.

मुलांचे फोटो सगळ्यांत जास्त कोण पसरवतं, तर आपणच. बारशापासून दहावीच्या निकालापर्यंत सगळं स्टेटसवर असतं. शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेशातला फोटो टाकताना शाळेचं नाव, रिक्षाचा क्रमांक, घराची पाटी सगळं जगाला दिसतं. आनंद वाटून घेऊ नये असं कोण म्हणेल? पण टाकण्याआधी मुलाला विचारावं. आठ वर्षांच्या मुलाला ‘हा टाकू का?’ असं विचारलं आणि त्याचा नकार मानला, तर आपला फोटो ही आपली गोष्ट आहे आणि ती देण्याला नाही म्हणता येतं, हे त्याला कुठल्याही व्याख्यानाशिवाय समजतं.

फॅमिली लिंक, स्क्रीन टाइम अशा कुलपांची कृती पुस्तकात चित्रांसह दिली आहे. ती लावावीत. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात आणि हात चालू लागले की तो सोडतात, तशी ही कुलपं वयाबरोबर सैल होत जायला हवीत. बाराव्या वर्षीची बंधनं सतराव्या वर्षी तशीच असतील, तर मूल ती चुकवायला शिकेल, आणि त्यातलं सगळं आपल्यापासून लपलेलं असेल. चोरून मुलाचे निरोप वाचणं मला अजिबात मान्य नाही. पाहणार असाल तर सांगून पाहा.

गृहपाठाची उत्तरं लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक छोटं प्रकरण आहे. छोटं अशासाठी की ते यंत्र दर काही महिन्यांनी बदलतं. घरचा प्रश्न मात्र तोच राहील : हे खरं आहे हे तुला कशावरून कळलं? मुलाने यंत्राचं उत्तर घ्यावं, तीच नोंद विश्वकोशात काढावी आणि दोन्हींत फरक कुठे आहे ते आपल्याला समजावून सांगावं. इतकं झालं तर यंत्राच्या चुकाही शिकवून जातात.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही. सहा वर्षांखालचं मूल असेल तर पहिला भाग पुरेल. दहा ते चौदा वयाच्या मुलांच्या पालकांनी टायपिंगचं आणि वयाचं प्रकरण आधी वाचावं. आत्ता, या क्षणी घरात काही घडलं असेल तर प्रस्तावना इथेच सोडून सातवं प्रकरण उघडावं. प्रकरणांच्या शेवटी दिलेली कामं पालक आणि मूल यांनी मिळून करायची आहेत. त्यांत काही ठिकाणी मूल शिकवणारं आहे आणि मोठे शिकणारे. आजोबांना येणारे बँकेच्या नावाचे फसवे फोन कसे ओळखायचे हे नातवंडाने त्यांना शिकवावं, असं एक काम आहे, आणि ते आजोबा आणि नातवंड दोघांच्याही उपयोगाचं आहे.

शेवटचं पान फाडून भिंतीवर लावण्यासाठी आहे. त्यावर १९३० आणि १०९८ हे क्रमांक ठळक छापले आहेत. खाली दोन ओळी कोऱ्या आहेत. आईबाबांना सांगता येणार नाही असं काही घडलं तर कोणाकडे जायचं, त्या दोन मोठ्या माणसांची नावं आणि फोन नंबर तिथे लिहायचे आहेत. मावशी, आत्या, वर्गशिक्षिका, शेजारचे काका, जो कोणी असेल. ती नावं मुलाने स्वतः निवडायची आहेत. आपण फक्त त्या माणसांना फोन करून सांगायचं, की तुमचं नाव आमच्या भिंतीवर लागलं आहे.